कोंडलेल्या कालवडींचं रक्त

मी एक जुना खोडा आहे. कुऱ्हाडीची धार उतरवणाऱ्या केब्राचोच्या लाकडाचा. कोरियेन्तेसच्या या गवताळ रानात मांसासाठी गुरं पाळतात. लस टोचायची, डाग द्यायचा, रक्त काढायचं, की एकेक जनावर माझ्यात येतं आणि मी त्याची मान धरतो. मित्रांनो, हे काही आनंदाचं काम नाही. पण सैल धरलं तर सुई भलतीकडे घुसते, म्हणून धरत आलो. आता फार थकलोय.

त्या हिवाळ्यात दंवानं गवत करपलं होतं. पहिलारू कालवडी, सगळ्या गाभण, आणि बरगड्या लांबून दिसायच्या. मालकीण ओतिलियाबाईंनी निम्म्यांना भाताचा कोंडा आणि सरकी सुरू केली, निम्म्या नुसत्या गवतावर ठेवल्या. खुराकाचा गुण दिसला तर सगळ्यांना द्यायचा. नाहीतर अख्खा कळप कत्तलखान्याला, पोटातल्या जिवांसकट. ट्रकही सांगून ठेवला होता.

गुण रक्तात दिसणार होता. पुरेसं खायला मिळालं नाही की जनावर स्वतःची चरबी जाळतं आणि ती रक्तात उतरते, असं गुरांच्या डॉक्टर नेलिदानं समजावलं होतं. तिनं माझ्यापाशी उभं राहून सगळ्यांचं रक्त काढलं. एका कालवडीचं पोट माझ्या फळीला टेकलं, तेव्हा आतलं वासरू हललेलं मला कळलं.

निकाल आला. दोन्ही गटांच्या रक्तात चरबी सारखीच वाढलेली.

मुकादम तासियानो येर्बाचा कडवट चहा ओढत म्हणाला, "कोंड्यानं पोट फुगतं डॉक्टरीणबाई, रक्त नाही."

माझ्या खांबाला टेकून ओतिलियाबाई कालवडींकडे बघत राहिल्या. मग ट्रकवाल्याला निरोप द्यायला वळल्या.

"थांबा," नेलिदा म्हणाली. "तासियानोकाका, रक्त काढायच्या आधी यांनी शेवटचं कधी खाल्लं होतं?"

"आदल्या दुपारी. काम असलं की आदल्या दिवशी कोंडायचंच. पोट रिकामं, घाण कमी. आजोबांपासून असंच चालत आलंय, बाई."

नेलिदा म्हणाली, "म्हणजे मी त्यांचा खुराक मोजलाच नाही. एका रात्रीची भूक मोजली. हे मी आधीच विचारायला हवं होतं."

ओतिलियाबाई म्हणाल्या, "मग पुन्हा मोज. ट्रकला मी थोपवते."

पुढच्या खेपेला कुणालाच कोंडलं नाही. सकाळचं खाणं झालं की थोड्याथोड्या कालवडी थेट माझ्याकडे आणल्या. कोंडा खाणाऱ्यांच्या रक्तातली चरबी चांगलीच उतरली होती. नुसत्या गवतावरच्यांची तशीच चढलेली. त्या दिवसापासून सगळ्यांपुढे कोंडा पडू लागला. ट्रक आला नाही. तासियानोनं माझ्या खांबावर थाप मारली. मला मिळालेली शाबासकी तेवढीच.

पुढे लोखंडी खोडा आला. मला उपटून कुंपणाशी टाकलं. पावसानं माझे सांधे सुटलेत, खिळे गंजलेत. आता गाई वासरांना घेऊन येतात आणि माझ्यावर अंग घासतात. इतकी वर्षं ज्यांच्या माना आवळल्या, त्यांच्या एवढ्या तरी कामी येतो.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. कुणी वाळत असेल, मागे पडत असेल, तर त्याला निकामी ठरवायची घाई करू नका. आधी जवळ बसा आणि विचारा, तू जेवलास कधी?