थोरलीचं व्हायोलिन

"साठाव्या वाढदिवसाचा विशेष कार्यक्रम, आणि पोस्टरवर फोटो एकटीचाच? तुझा काय उंदरांनी पळवला?"

नाट्यगृहाच्या मागच्या दारात उभं राहून कपाटकाकांनी विचारलं. कपाटकाका वाद्यवृंदातलं सगळ्यात मोठं तंतुवाद्य वाजवायचे; ते उचलायला दुसरं कुणी मिळेना म्हणून निवृत्तीनंतरही त्यांना ठेवून घेतलं होतं. ते पाठीवर घेऊन जिना चढताना कुणी घर बदलतंय असंच वाटे, म्हणून हे नाव.

"फोटोत यायला चेहरा लागतो, काका," थोरली म्हणाली आणि आत शिरली. ते पोस्टर ती आठवडाभर येता-जाता बघत होती. धाकटी, मान किंचित कलती, हनुवटीखाली व्हायोलिन. खाली ठळक अक्षरात चार वाजताची वेळ. धाकटीच्या साठाव्या वाढदिवसाला अख्खं नाट्यगृह सजलं होतं. थोरलीलाही आजच साठ पूर्ण होत होती, पण तिच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच की उद्यापासून कामावर यायचं नाही. ऑफिसातून तसं दोन ओळींचं पत्रही आलं होतं.

एकेचाळीस वर्षांपूर्वी दोघींनी एकाच आठवड्यात इथल्या नोकरीचा अर्ज भरला. जन्मतारीख तीच, साल तेच. कारकुनाला वाटलं, एकीने दुसरीचं बघून उतरवलंय. त्याने दोन्ही अर्ज परत केले. दाखले दाखवले तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. नातं काहीच नव्हतं, तरी मग वाद्यवृंदात त्यांना जुळ्याच म्हणायला लागले. एक पहाटे सहाला जन्मलेली, ती थोरली. दुसरी अकराला, ती धाकटी. पाच तासांचं ते थोरलेपण, पण थोरलीने ते मनापासून निभावलं. धाकटीला उशीर झाला की खुर्ची हिने धरून ठेवायची, धाकटीची तार तुटली की आपल्या पेटीतली काढून द्यायची. आणि धाकटी? ती हक्काने घ्यायची. धाकटीचं कामच ते.

त्या दोघींनी एक रीत पाडली होती. वाढदिवसाच्या दिवशी व्हायोलिनं बदलायची. "आज तू मी आणि मी तू," असं म्हणून दिवसभर एकमेकींचं वाद्य वाजवायचं, संध्याकाळी परत करायचं. धाकटीचं व्हायोलिन कारखान्यात बनलेलं, दुकानातून आणलेलं, सर्दी झाल्यासारखं नाकात बोलणारं. त्याला ती स्वतःच डबडं म्हणायची. थोरलीचं मात्र तिच्या वडिलांनी केलेलं होतं. ते खुर्च्यांच्या कारखान्यात सुतार होते. मोडीत निघालेल्या एका पियानोची लाकडी पाटी त्यांनी मिळवली, ती दोन वर्षं तासली, आणि लेकीच्या अठराव्या वाढदिवसाला तिच्या हातात व्हायोलिन ठेवलं. आयुष्यात त्यांनी केलेलं हे एकच वाद्य. आत पेन्सिलीने तारीख लिहिली होती. वरच्या पाटीतल्या खाचेला डोळा लावून बघितलं की दिसायची.

चोविसाव्या वाढदिवसाला घात झाला. त्या दिवशी अदलाबदल झालेली होती आणि नेमके बाहेरचे एक बडे संचालक तालमीला येऊन बसले. त्यांना दौऱ्यासाठी व्हायोलिन वाजवणारं एक माणूस हवं होतं. पहिल्या रांगेतल्या प्रत्येकीला त्यांनी संगीताचा एकच तुकडा एकटीने वाजवायला लावला. थोरलीने तो डबड्यावर वाजवला. धाकटीने बाबांच्या व्हायोलिनवर. संचालकांनी धाकटीकडे बोट केलं. संपलं.

"थोरले, दौरा होईपर्यंत तुझं राहू दे ना गं माझ्याकडे," धाकटी गळ्यात पडून म्हणाली होती.

"ठेव," थोरली म्हणाली होती. एका शब्दात दिलं. नंतर छत्तीस वर्षं तिने तो शब्द उगाळला.

कारण धाकटी गेली ती गेलीच. दौऱ्यातून दौरा निघाला, मग रेकॉर्डी, मग रेडिओ. दर वाढदिवसाला तिचा फोन यायचा, दोन मिनिटांचा. व्हायोलिनचं नाव निघायचं नाही. मागणं थोरलीच्या स्वभावात नव्हतं. तिचं आपलं असं, की घेणाऱ्याला कळायला नको का? आणि खरं सांगायचं तर तिला त्यात एक सुखही होतं. रेडिओवर धाकटी लागली की थोरली हातातलं काम टाकून उभी राहायची. "ती खालची तार ऐका! बाबांचं लाकूड बोलतंय. झोपेतसुद्धा ओळखीन मी." तिच्या कानाला सगळा वाद्यवृंद मानायचा, तेव्हा कोण नाही म्हणणार? नवरा आवाज वाढवायचा. लेक तर लहानपणी धावत यायची, "आई, आजोबा वाजतायत!" वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा थोरलीने रेडिओ त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला होता. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "बरं जमलं होतं की मला."

इकडे थोरली डबड्यावर वाजवत पहिल्या रांगेतून दुसरीत आली, दुसरीतून चौथीत. चौथ्या रांगेत काय, प्रकाशही पोचत नाही. पण तिच्याकडे एक उत्तर होतं आणि ते पक्कं होतं. त्या दिवशी व्हायोलिनं बदललेली नसती, तर त्या पोस्टरवर ती असती.

आज सकाळी निघताना नवऱ्याने विचारलं होतं, "मागणार आहेस की नुसतीच बोलतेस?"

"मागणार म्हणजे मागणारच. शेवटचा कार्यक्रम मी बाबांच्या व्हायोलिनवर वाजवणार. मग घरी आणणार. बघाच तुम्ही."

दहाची तालीम धाकटीविनाच झाली. साडेबाराला मागच्या खोलीत थोरली डबा उघडून बसली होती, एवढ्यात दार ढकललं गेलं.

"थोरले! अगं किती वाळलीस गं तू!"

धाकटीने मिठी मारली. अंगाला मंद वास, केस पांढरे पण कसे नीट बसवलेले. तिच्या दोन्ही हातांत एकेक पेटी होती. थोरलीने त्या दोन पेट्या बघितल्या. तिला आठवण होती तर! न मागता आणलं!

"साठीचा वाढदिवस आहे," धाकटी हसत म्हणाली. "म्हटलं, जुनी रीत मोडायची नाही. आज अदलाबदल."

"आणलंस?"

"हे काय!" धाकटीने लहान पेटी टेबलावर ठेवून उघडली.

तेच होतं. खांद्याजवळचा तो गाठीचा डाग, बाबांनी मुद्दाम तसाच ठेवलेला. थोरलीचे डोळे भरून आले. तिने बोटं पुसली, तारेला हात लावायला गेली, तर तारा सैल लोंबत होत्या. सगळ्यावर बारीक धूळ बसली होती. तिने ते उचललं. आत काहीतरी खुळखुळलं.

"काडी पडलीय गं त्याची," धाकटी म्हणाली. "कधीची."

व्हायोलिनच्या पोटात वरच्या आणि खालच्या पाटीच्या मध्ये एक लहानशी काडी उभी असते. ती पडली की आवाज मेला. हे काय थोरलीला शिकवायला हवं होतं? बाबांनी ती काडी बसवताना तीन दिवस घेतले होते.

"कधीची म्हणजे? मग आज तू कशावर वाजवणार?"

"या माझ्यावर." धाकटीने दुसऱ्या पेटीवर थोपटलं. "हेच तर वाजवते मी."

"आणि रेडिओवर? रेकॉर्डीवर?"

"हेच की. अगं, त्या दौऱ्यातच, दुसऱ्या वर्षी हवा बदलली आणि काडी पडली. दुरुस्तीवाला म्हणाला, हौशी सुताराचं काम दिसतंय, याच्यामागे लागू नका. मग त्या लोकांनी मला हे दिलं. तेव्हापासून हेच."

थोरलीने मनातल्या मनात हिशोब केला. चौतीस वर्षं. बाबांना जाऊन एकवीस झाली होती.

"परत का नाही दिलंस?"

धाकटी खरोखरच गोंधळली. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, हेच तर वाईट. लबाडी असती तर भांडता आलं असतं.

"तू कधी मागितलंच नाहीस, थोरले. मला वाटलं, तुला माझ्या डबड्याची सवय झाली. फोनवर तू एकदा तरी विषय काढलास का? मी आपलं सांभाळून ठेवलं. तीन घरं बदलली, पण टाकलं नाही हो."

वर उपकार! थोरलीने डब्याचं झाकण लावलं.

"आहे ना गं ते अजून? डबडं?" धाकटीने विचारलं. "माझ्या नावाची संगीतशाळा काढतायत. दारातच काचेच्या कपाटात माझं पहिलं व्हायोलिन ठेवायचं म्हणतात. मुलांना बघायला. मी म्हटलं, ते माझ्या थोरलीकडे अगदी सुरक्षित असणार!"

म्हणजे अदलाबदल ही अशी होती. तिला मेलेलं द्यायचं होतं आणि जिवंत न्यायचं होतं. थोरलीच्या तोंडावर आलं होतं की चालती हो. पण डबडं धाकटीचंच होतं, आणि आपली वस्तू मागताना तिला काडीचाही संकोच वाटला नव्हता. छत्तीस वर्षांत थोरलीला जे जमलं नाही ते तिने दाराच्या आत पाऊल ठेवताच केलं.

"कार्यक्रम झाला की घेऊन जा," थोरली म्हणाली. "चार वाजता मला ते लागतंय."

चार वाजता पडदा वर गेला. धाकटी पुढे प्रकाशात, थोरली चौथ्या रांगेत. धाकटीने वाजवायला सुरुवात केली आणि खालच्या तारेवर आली. थोरलीचा हात क्षणभर थांबला. तोच आवाज. जाड, उबदार, थोडा घोगरा. झोपेतसुद्धा ओळखीन म्हणत होती तोच. ते बाबांचं लाकूड कधीच नव्हतं. तो धाकटीचा हात होता. त्या दिवशी धाकटीच्या हातात डबडं असतं तरी संचालकांनी तिच्याचकडे बोट केलं असतं. थोरलीला स्वतःच्या कानांची लाज वाटली. सगळं गेलं तरी कान आपला आहे असं ती धरून बसली होती, आणि त्या कानाने तिला आयुष्यभर फसवलं होतं. बापालासुद्धा तिने खोटंच ऐकवलं होतं.

मागून कपाटकाकांनी आपल्या वाद्याच्या गजाने तिच्या खुर्चीला हळूच टोचलं. "वाजव की," ते पुटपुटले. थोरलीने वाजवलं. एकही स्वर चुकवला नाही. तसंही चौथ्या रांगेतलं कोण ऐकतंय!

टाळ्या थांबेनात. फुलं आली, केक आला, त्यावर एकच नाव होतं. थोरली मागच्या खोलीत जाऊन डबडं पुसत बसली. तारांखाली सांडलेली, गजाला लावायच्या राळेची भुकटी टिपली, हनुवटी टेकायची जागा ओल्या कपड्याने पुसली. धाकटी फुलं सावरत आली.

"अगं बाई, किती झिजलंय हे! माझ्याकडे होतं तेव्हा कोरं करकरीत होतं." तिने तारांखालच्या काळ्या पट्टीवरून बोट फिरवलं. तिथे बोटांच्या खळग्यांच्या चार ओळी पडल्या होत्या. "पण बरंच झालं. काचेत ठेवल्यावर मुलांना कळेल, मेहनत काय असते."

"हो, कळू दे," थोरली म्हणाली.

ते खळगे पाडायला छत्तीस वर्षं लागली होती. तिने डबडं धाकटीच्या लहान पेटीत ठेवलं, बाबांचं व्हायोलिन आपल्या जुन्या पेटीत ठेवलं आणि दोन्ही झाकणं लावली. धाकटीने पुन्हा मिठी मारली. बाहेर माणसं तिची वाट बघत होती.

कपाटकाका दारापर्यंत आले. "उद्यापासून तुझ्या खुर्चीत कुणाला बसवणार?"

"उशीवाल्याला बसवा. खुर्ची फार टोचते," थोरली म्हणाली. काका हसले नाहीत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत निघून गेले.

चालत घरी यायला वीस मिनिटं. पावलागणिक पेटीत काडी खुळखुळत होती. म्हणून ती हळू चालली.

दार उघडंच होतं. दुपारचा कार्यक्रम सहाच्या बातम्यांनंतर रेडिओवर लागला होता आणि नवरा कान लावून बसला होता. तिला बघताच त्याने हात वर केला.

"ये, ये! ऐक, खालची तार. सासरेबुवा काय बोलतायत बघ!" मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे आजही तिनेच वाजवलं. मागितलंस का?"

"मागितलं."

"आणि?"

थोरलीने चपला काढल्या. रेडिओतून ती तार येतच होती.

"नाही दिलं," ती म्हणाली.

"चोर बाई! साठी झाली तरी दुसऱ्याची वस्तू सोडवत नाही. मी बोलू का तिच्याशी?"

"नको. वाजवू दे तिला. बाबांचं नाव तरी होतंय."

तिने पेटी पलंगाखाली सरकवली. आत काडी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली.

"काय वाजलं गं?"

"काही नाही," थोरली म्हणाली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. "जरा मोठा करा की रेडिओ."