पेक्काची पिशवी

माझी बायको आयली गेली ते मला मंगळवारी दुपारी कामावर, बंदरातल्या खनिजाच्या धक्क्यावर कळलं. फोरमनने शिडीखालून हाक मारली, फोन आहे म्हणाला आणि टोपी काढली. त्याने टोपी काढली तेव्हाच मी समजलो.

टीव्ही स्टेशनवर चित्रीकरण चालू असताना ती टेबलामागे कोसळली होती. दवाखान्यातून तिचा कोट, बूट आणि पेक्का मिळाला. पेक्का म्हणजे कापडी साळिंदर, हातात घालून बोलतं करायचं बाहुलं. मुलांच्या कार्यक्रमात त्याला सगळ्याची भीती वाटायची: न्हाव्याची, टबच्या भोकाची, नव्या बाळाची. आवाज आयलीचा. दुसऱ्या कुणी त्यात हात घालायचा नाही आणि रिकामा पेक्का मुलांना दिसू द्यायचा नाही, म्हणून त्याला एक पिशवी होती.

स्टेशनचा आणखी एक नियम होता. मेलेल्या माणसाला झोपला म्हणायचं नाही, कारण मग मुलं झोपेला घाबरतात. असं वाक्य आयली प्रत्येक संहितेतून खोडायची. अकरा वर्षं जेवताना मी तिच्याकडून हा नियम ऐकला. आणि त्या संध्याकाळी आमच्या सहा वर्षांच्या हेल्मीला मी म्हणालो, "आई झोपली आहे." अंत्यविधीला तिला माझ्या बहिणीकडे ठेवलं.

चौथ्या दिवशी आर्डिस आली. मुलांचा तो कार्यक्रम तीच तयार करते. दुःखाच्या घरी नेतात तसं हॉटडिशचं, ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचं, भांडं घेऊन आली, बसली आणि पेक्का कुठे आहे विचारलं. पिशवी कपाटात होती, तरी माहीत नाही म्हणालो. तिची नजर दोनदा कपाटाकडे गेली.

धक्क्यावर माझ्यासोबत काम करणाऱ्या टोइवोला सांगितलं. तो हसला. "आधी हॉटडिश येते, व्हर्नर, मग पेक्का त्यांना देऊन टाकायचा सहीचा कागद. एखादी पोरगी आयलीचा आवाज घोटवत असेल आत्तापासून."

ते डोक्यात बसलं. स्टेशनला फोन केला तर उचलणारी मुलगी जरा अडखळली. हीच ती, असं मला वाटलं. पिशवी तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीमागे ठेवली. आर्डिस पुन्हा आली तेव्हा दार अर्धंच उघडलं.

घरात आणखी कुणी तरी संशय धरून होतं. चार वाजता जुने भाग लागायचे. आयलीचा आवाज आला की हेल्मी टीव्हीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायची. शाळेतून बाईंनी कळवलं की दुपारच्या विश्रांतीला ती दंडाला चिमटे काढत जागी राहते.

तिसऱ्या वेळी आर्डिसच्या हातात खरंच कागद होते. सही नाही करणार, मी म्हणालो.

"सही कोण मागतंय? वाच."

संहिता होती. आयली मेली, तिचं शरीर थांबलं, ती झोपलेली नाही, ती परत येणार नाही. एवढंच, साध्या शब्दांत. पेक्का टेबलावर रिकामा ठेवायचा, मुलांसमोर. पुढे त्याला कुणीच बोलतं करणार नाही.

"मुलं पत्रांतून विचारताहेत," आर्डिस म्हणाली. "तू हेल्मीला काय सांगितलंस?"

पिशवी आणतो म्हणून तळघरात उतरलो.

हेल्मी भट्टीशेजारी बसली होती. पिशवी उघडी होती आणि पेक्का तिच्या मांडीवर. तिचा हात कोपरापर्यंत त्याच्या आत होता.

"यात पण नाही," ती म्हणाली. "मग कुठे झोपली आहे, बाबा?"

मी म्हणालो, वर चल, जेवण गार होतंय. ती उठली. पेक्का तिने स्वतः पिशवीत घातला, तोंड झाकून, आई घालायची तसा.

आर्डिस पिशवी घेऊन गेली. जाताना म्हणाली, कार्यक्रम शुक्रवारी चार वाजता आहे, त्याआधी हेल्मीला तुझ्या तोंडून ऐकू दे.

आज गुरुवार. हेल्मीला मी अजून सांगितलेलं नाही.