सावलीची पावती

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचाही बसायला बरेच दिवस लागले. सरकारने माझ्यावर कर बसवला असता तर मी गप्प राहिलो असतो. कापडावर कर असतो, दोरीवर असतो, सुईवरही असतो. पण कर बसला तो माझ्या सावलीवर! जिला वजन नाही, शिवण नाही, जी संध्याकाळी आपली आपण उठून निघून जाते, त्या सावलीवर.

मी एक जुनं शीड आहे. सध्या मुक्काम गाबेस शहर, नगरपालिकेचं जप्तीच्या मालाचं गोदाम, फुटक्या खिडकीखालचा कोपरा. तुम्ही शेजारी मला ओळखताच. हातगाडीबाई, तुमचं दुसरं चाक कुणी नेलं ते मला ठाऊक आहे, पण मला चहाडीची सवय नाही. तराजूदादा, तुमच्यावर गंज चढला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आज सकाळी आणखी कुणीतरी आलंय. दाराशी पोतं पांघरून बसलंय, तोंडातून शब्द नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांचंच असं होतं. तुम्हीही ऐका, पाहुणे. तेवढाच जीव रमेल.

माझा जन्म हामेद नावाच्या कोळ्याच्या अंगणात झाला. त्याच्या आईने जाड सुती कापडाचे पट्टे जोडून मला शिवलं. तिचा टाका असा घट्ट, की एकदा एक मोठी मुशी, म्हणजे शार्कच, मला चावली आणि आपला दात माझ्यातच सोडून पळाली. हामेदने त्या दाताचं बटण करून सदऱ्याला लावलं. खोटं वाटत असेल तर हामेदला विचारा. तो आता नाही, हा काही माझा दोष नाही.

गाबेसच्या आखातात आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं काढली. मी वारा धरायचो, तो मासे. "वाऱ्याचं बिल येत नाही, तोवर आपण राजे," असं तो म्हणायचा. बिल आलं, पण ते दुसऱ्या वाटेने. मोठ्या जहाजांसाठी नियम निघाले, आणि कुणा शहाण्याने तेच आमच्या होडीलाही लावले. जीव वाचवायचा तराफा होडीत ठेवा म्हणे. हामेदने बाजारात जाऊन तो तराफा पाहिला. होडीपेक्षा मोठा! "मग मी तराफ्यातच मासे धरतो आणि जीव वाचवायला होडी ठेवतो," असं तो बंदरावरच्या साहेबाला म्हणाला. साहेब हसला नाही. परवाना गेला, मग होडी गेली, आणि वर्ष फिरायच्या आत हामेदही गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणतो, किनारा.

त्याची बायको शाद्लिया. होडी विकताना तिने डोलकाठी आणि मी एवढं मागे ठेवलं. तिच्या माहेरी खजुरीची बाग होती. पहाटे भाऊ झाडावरून नीरा उतरवायचा आणि ती बाजाराच्या तोंडाशी मातीच्या माठांतून ती विकायची. तिने डोलकाठीचे दोन खांब केले आणि मला वर ताणलं. पाण्यावरचा मी रस्त्यावर आलो. आधी फार वाईट वाटलं. मग कळलं, की हेही काम हलकं नाही. नीरेचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. सावलीत ठेवलीत तर साखर, उन्हात ठेवलीत तर ताडी. तिच्यात आणि दारूत फक्त मी उभा होतो.

हमाल यायचे, गाडीवाले यायचे, शाळेतले मास्तर यायचे. रोजे सुटायच्या वेळेला तर रांग लागायची. कुणीतरी ओठ पुसत विचारायचं, "मावशी, नीरेत बर्फ घालता का हो?"

"बर्फ कसला? नवऱ्याचं शीड आहे," असं म्हणून ती वर माझ्याकडे बघायची. मित्रांनो, समुद्रावर मला असं कुणी पाहिलं नव्हतं.

शेजारी फ़ादिल न्हाव्याचं दुकान. माणूस सोन्यासारखा, जीभ वस्तऱ्यासारखी. त्याच्याकडे लाल गादीची एक खुर्ची होती. फार आगाऊ! गिऱ्हाईक बसलं की कुरकुरायची आणि रिकामी असली की आमचं बोलणं ऐकायची.

(पाहुणे, काही म्हणालात का? नाही? मला पोतं हलल्यासारखं वाटलं.)

आणि एका सकाळी नगरपालिकेचा वसुली कारकून मुन्सिफ आला. मुन्सिफ म्हणजे न्याय करणारा. आईबाप नाव ठेवताना किती भोळे असतात! हातात मोजपट्टी, काखेत पावत्यांचं पुस्तक. दुकानाचा परवाना पाहिला, होता. सफाईचा कर पाहिला, भरला होता. मापांचा दाखला पाहिला, तोही होता. बिचारा कासावीस झाला. मग त्याची नजर खाली गेली.

"ही सावली कुणाची?"

"उन्हाची," शाद्लिया म्हणाली.

"थट्टा नको मावशी. कापड तुमचं, म्हणजे सावलीही तुमची. रस्ता सरकारी. तुमच्या सावलीने सरकारी जागा अडवली आहे."

"तिच्यावरून गाढवं जातात, साहेब. तुम्हीही आत्ता तिच्यातच उभे आहात."

"मी कामावर आहे," तो म्हणाला आणि मोजपट्टी सोडली. सकाळची वेळ. सूर्य तिरपा, माझी सावली रस्ता ओलांडून समोरच्या चपलांच्या दुकानात शिरलेली. त्याने तीही मोजली, चपलांसकट.

फ़ादिल दारातून ओरडला, "साहेब, दुपारी या ना! दुपारी मावशी तिची घडी करून ठेवते."

"मोजणीची वेळ सकाळची आहे."

"बरं, ढग आले तर पैसे परत मिळतात का?" शाद्लियाने विचारलं.

मुन्सिफने खरंच विचार केला. "ढगांचं खातं वेगळं आहे," तो म्हणाला आणि पावती फाडली. मागची थकबाकीही त्यात धरली, कारण सावली काही आजच पडायला लागली नव्हती.

शाद्लिया कर चुकवणारी बाई नव्हती. ती म्हणायची, रस्त्यावर दिवा लागतो, दवाखान्यात नर्स असते, ते काय आभाळातून पडतं? पण त्या पावतीवरचा आकडा सगळ्या माठांतल्या नीरेपेक्षा मोठा होता. तेव्हा तिने कायदा पाळायचं ठरवलं. मला उतरवलं, घडी घातली, बाजूला ठेवलं. सावली नाही, तर कर नाही.

ऊन आलं. माठांना ओली फडकी गुंडाळली, तरी दुपारपर्यंत नीरा फसफसायला लागली. एका म्हाताऱ्या हमालाने, ज्याने जन्मात दारूला शिवलं नव्हतं, दोन पेले घेतले आणि आपल्याच गाढवाला वाकून सलाम केला. गाढवाने उलटा सलाम केला, म्हणजे त्यानेही थोडी घेतली असणार. तेवढ्यात मुन्सिफ हजर. वास घेतला. आणि त्याचा चेहरा काय उजळला!

"मावशी, ही तर दारू! परवाना कुठे आहे?"

"सावली ठेवली तर कर, काढली तर गुन्हा! मग मी करू तरी काय?"

"नियमाप्रमाणे करा."

मित्रांनो, मी वादळं पाहिली आहेत. वादळ आधी गडगडतं, मग मारतं. हा माणूस शांतपणे, शाईने मारत होता. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या व्यापाऱ्याने काचेचं दुकान काढलं होतं, त्याचं पत्र्याचं छत भर रस्त्यात आलं होतं. त्याच्या सावलीला मोजपट्टी पुरत नव्हती वाटतं! लहानाची सावली मोजतात, मोठ्याच्या सावलीत बसून चहा पितात.

दुसऱ्या दिवशी शाद्लियाने पहाटेच्या ताज्या नीरेचा पेला भरला, मला खांद्यावर घेतलं आणि तडक नगरपालिकेत गेली. सावलीचा कर माफ करा, नाहीतर दुपारच्या सावलीवर लावा, एवढंच मागणं. त्यावर तिचं दुकान टिकणार की जाणार, हे ठरणार होतं. पहिल्या खिडकीने सांगितलं, सावली रस्ते खात्याची. रस्ते खात्याने सांगितलं, सावली उन्हाने पडते आणि ऊन आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या खिडकीतला माणूस नमाजाला गेला होता, चौथीतला त्याला शोधायला. रांग अंगणात, अंगणात ऊन. शेवटी ती मोठ्या साहेबांसमोर उभी राहिली तेव्हा पेल्यातून फेस ओघळत होता.

तिने पेला टेबलावर ठेवला. "साहेब, तुमच्या दारात आले तेव्हा ही नीरा होती. तुमच्या रांगेत उभी राहून ताडी झाली. आता दारूचा परवाना कुणी काढायचा, मी की तुम्ही?"

साहेबांनी पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि सरकारी इमारतीत दारू आणल्याबद्दल तिला दंड केला.

घरी येऊन तिने मला पुन्हा खांबांवर ताणलं. "मोजा म्हणावं," ती म्हणाली. "ताडीवाली म्हणवून घेण्यापेक्षा सावलीवाली बरी."

मग जप्तीचा दिवस आला. मुन्सिफ आणि दोन दांडगे गडी. त्याने माझ्या दोरीला हात घातला मात्र, आणि दक्षिणेकडून वारा सुटला. मित्रांनो, हाडाचा दर्यावर्दी मी! छाती फुगवली, खांबांतून सुटलो आणि मुन्सिफला दोरीला लटकवून वर उडालो. मशिदीच्या मिनारावरून, खजुरीच्या बागांवरून थेट आखातावर. खाली मुशी जबडे उघडून तयार. "बाबा रे, सोड मला!" तो रडला. "सोडू?" मी म्हणालो. "नको, नको, सोडू नको!" मग तिथेच, अधांतरी, पावत्यांच्या पुस्तकाच्या पाठीवर त्याने लिहून दिलं, की गाबेस शहरात यापुढे गरिबाच्या सावलीवर कर नाही. मी त्याला अलगद आणून उतरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाद्लियाचं दुकान वाचलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत मी तिच्या माठांवर डौलाने—

"थापाड्या!"

पोतं खाली पडलं. आत लाल गादी होती.

"हो, मीच ती आगाऊ खुर्ची. शेजारी होते, सगळं पाहिलंय. तिच्या माठांवर आहेस, तर मग तुझ्या कडीला हे जप्तीचं लेबल कुणी बांधलं? वारा सुटला होता हे खरं. तू वीतभर उचलला गेलास आणि धपकन खाली पडलास. दोरी धरून होती ती शाद्लिया. तळहात सोलले तरी सोडत नव्हती. शेवटी सोडली आणि त्या गड्यांना म्हणाली, 'नीट घडी घाला रे, ओलं ठेवू नका, कुजेल. माझ्या माणसाचं आहे ते.' तेव्हा तू गप्प होतास. आता उडतोयस!

"आणि दुकानाचं ऐकायचंय? तू गेल्यावर तिने माठ उचलले आणि रडत घरी निघाली. फ़ादिलने तिचा हात धरला नाही, माठ धरले. म्हणाला, 'मावशी, माझ्या दुकानात भरपूर सावली आहे, छप्पर जुनं आहे पण आतली सावली अजून कुणी मोजलेली नाही.' माठ आत गेले, म्हणून मी बाहेर आले. गिऱ्हाइकाची दाढी फुटपाथवर. नीरा गोड ती गोडच राहिली. आज सकाळी मुन्सिफ आला, रस्त्यावर खुर्ची म्हणून मला उचललं. गडी मला गाडीत टाकत होते, तेवढ्यात शाद्लिया पेला पुसत दारात आली आणि त्याला हाक मारून म्हणाली, 'साहेब, खुर्चीची सावली इथेच राहिली की हो! तीही नेताय, की मी सांभाळून ठेवू?'"