सासरहून पाठवणी

"दुखरा हात आधी घाल," म्हणत तानाबाईने सुनेच्या सुजलेल्या मनगटावरून स्वेटरची बाही हळूच वर ओढली. पुनमने ओठ आवळले. दारात सहा वर्षांची हर्षाली दप्तर लावून उभी होती. शाळेत जायचंय असं तिला सांगितलं होतं. पण दप्तरात पुस्तकांऐवजी फ्रॉक कोंबलेले तिने पाहिले होते. ती काही विचारत नव्हती.

पुनमचा नवरा गोरक्ष फर्स्ट शिफ्टला गेला होता. चार वाजेपर्यंत घरी येणार. तेवढाच अवधी होता.

"आत्या, तुम्ही पण चला."

"घर रिकामं दिसलं की तो तडक मागं निघंल. मी घडीभर तरी अडवीन त्याला."

"आम्ही तिकडं—"

"गावाचं नाव सांगू नगंस. ठाव नसलं म्हंजी तोंडातून जायचं न्हाई."

पुनमच्या कंपनीतली इफ्फत मागच्या रस्त्याला रिक्षा घेऊन आली. "चाची, फिकर करू नका. एसटीत बसवूनच येते मी."

"आजी, तू कधी येणार?" हर्षालीने शेवटी विचारलंच. तानाबाईने तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. रिक्षा वळणाआड गेली.

तीस वर्षांपूर्वी तानाबाईही अशीच निघाली होती, फुटलं कपाळ पदराने झाकून. भावाने जेवू घातलं आणि दिवस मावळायच्या आत परत आणून सोडलं. 'बाईनं सोसावं,' म्हणाला. तेव्हा कडेवरचं तीन वर्षांचं पोर बापाला पाहताच थरथरत तिच्या गळ्याला बिलगलं होतं. ते पोर म्हणजे गोरक्ष.

तो चारला आला. दोन्ही खोल्यांत डोकावला.

"पुनम कुठंय?"

"गेली."

"कुठं गेली?"

"मला ठाव न्हाई. मीच धाडली."

त्याने पुन्हा विचारलं, मग ओरडून विचारलं, आणि मग हात उगारला. तानाबाईने मान चुकवली नाही.

"मार. तुझ्या बापाचा खाल्लाय. तुझा तेवढा ऱ्हायलाय."

हात तसाच अधांतरी राहिला. मग त्याने खुर्ची लाथेने उडवली आणि मोटरसायकलला किक मारली. तो गेल्यावर तानाबाई भिंत धरून खाली बसली. एवढं शांत हे घर तिने कधी ऐकलं नव्हतं.

पुनमचं माहेर, इफ्फतची खोली, सगळीकडे हिंडून दिवेलागणीला तो एकटाच परतला. भिंतीला टेकून बसला.

"आई, भूक लागलीय."

जन्मभर या शब्दांसरशी ती उठत आली होती.

"टोपात भात हाय. घे वाढून."

ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. हमरस्त्यावर कंटेनरची रांग दिवे लावून मुंगीच्या पावलाने सरकत होती. आत एक झाकण पडलं. फडताळ उघडलं, बंद झालं.

"ताटं कुठं असत्यात?" गोरक्षने आतून विचारलं.

तानाबाई रस्त्याकडे बघत राहिली.