शेरा : वाटेवर

शोकसभा पाचला होती आणि ती तीनलाच वाचनालयात येऊन थडकली. लोकांना वाटलं, केवढी ही माया, आत्याच्या सभेच्या खुर्च्या मांडायला आली! खुर्च्यांचं तिला काही पडलं नव्हतं. तिच्या पिशवीत चौतीस वर्षं दडवून ठेवलेलं एक पुस्तक होतं आणि माणसं जमायच्या आत ते गुपचूप कपाटात सारायचं होतं.

आता गंमत बघा. ही बाई शाळेची मुख्याध्यापिका. "खरं बोलायला काय धाड भरते तुम्हाला?" असं रोज कुणाला ना कुणाला सुनावणारी. आणि आज आत्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं, तर आठवडाभर कागद पुढ्यात घेऊन बसली होती. 'आत्यानं मला पुस्तकांवर प्रेम करायला शिकवलं' एवढं एकच वाक्य कागदावर उतरलं होतं. ते वाचलं की हे पुस्तक डोळ्यांसमोर यायचं आणि पेन तिथंच अडायचं.

झालं होतं असं. आत्या याच वाचनालयाची ग्रंथपाल. ही दहा वर्षांची असताना तिनं इथून प्रवासवर्णनाचं एक जाडजूड पुस्तक घरी नेलं आणि पहिल्याच संध्याकाळी त्याच्यावर शाईची दौत उपडी केली. चाळीस पानं निळीशार! पुस्तक गेलं गादीखाली. पंधरा दिवसांनी आत्यानं विचारलं, तेव्हा पोरटी धडधडीत म्हणाली, "मी कधीच दिलं परत. तुझ्याच टेबलावर ठेवलं होतं."

आत्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हो का? मग असेल इथंच कुठंतरी."

मग दोन दिवस नुसती शोधाशोध. आत्या आणि वाचनालयातले शिपाईकाका एकेक कपाट भिंतीपासून सरकवत होते आणि ही कोपऱ्यातल्या स्टुलावर पाय हलवत बघत होती. तिसऱ्या दिवशी आत्यानं तिच्या हातात सभासदाचं नवं कोरं तिकीट ठेवलं. "चिमणे, तुझं जुनं तिकीट माझ्याकडून गहाळ झालं बघ."

"आत्या, तू म्हणजे अगदीच वेंधळी आहेस!" तिनं वर तोंड करून म्हटलं. आत्या हसली. घरच्यांना तेवढंच हवं होतं. जिच्या टेबलावरची टाचणीसुद्धा जागा सोडत नसे, ती बाई त्या दिवसापासून घरात 'वेंधळी आत्या' झाली. आत्यानं शेवटपर्यंत एका शब्दानं कुरकुर केली नाही.

प्रवासवर्णनांचं कपाट खिडकीजवळ होतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, पुस्तक काढलं आणि फटीत सारायला लागली, तोच मागून आवाज आला.

"ताई, तसं नाही ठेवता यायचं. आधी जमा करावं लागतं."

शिपाईकाका! निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण आज इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी हजर. तिच्या हातातल्या पुस्तकाची निळी कड बघून त्यांना ना नवल वाटलं, ना राग आला. त्यांनी आत्याच्या टेबलाचा खालचा खण ओढला आणि एक लाकडी ट्रे वर काढला. पुस्तक बाहेर गेलं की त्याचं कार्ड वाचकाच्या तिकिटात घालून या ट्रेमध्ये ठेवायचं, पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात आणि तिकीट वाचकाकडे. कॉम्प्युटर आल्यापासून ट्रे रिकामा होता. त्यात एकच तिकीट उरलं होतं.

तिचं जुनं तिकीट. आणि त्याच्या पोटात त्या पुस्तकाचं कार्ड.

म्हणजे तिकीट हरवलं नव्हतंच. पुस्तक आलेलं नाही, हे आत्यानं पहिल्याच मिनिटाला या ट्रेमध्ये बघितलं होतं.

काकांनी रजिस्टर उघडलं. दर वर्षी पुस्तकांची मोजणी व्हायची. तीन वर्षं सापडलं नाही, की शेऱ्यात 'हरवले' लिहून पुस्तक काढून टाकायचं, असा नियम. या पुस्तकापुढं तो शब्द नव्हताच. आत्याच्या हातानं, वर्षामागून वर्ष, एकाखाली एक लिहिलेलं : वाटेवर. वाटेवर. वाटेवर. शेवटच्या दोन-तीन ठिकाणी अक्षर थरथरलं होतं.

"तपासायला येणारे साहेब विचारायचे, वाटेवर म्हणजे कुठं हो?" काका म्हणाले. "बाई म्हणायच्या, येतंय."

"पण काका, माहीत होतं तर मग दोन दिवस शोधलं कशाला?"

"मीही तेच म्हटलं. कपाटं ढकलून माझ्या कमरेचा काटा ढिला झाला होता! तर बाई म्हणाल्या, शोधत राहू या. तेवढाच पोरीला सांगायला वेळ मिळेल."

ती त्याच जुन्या स्टुलावर बसली आणि ढसाढसा रडली. दोन दिवस आत्या कपाटं नव्हती सरकवत, तिची वाट बघत होती. आणि नंतर चौतीस वर्षं.

काकांनी तिला रडू दिलं. मग पेन पुढं केलं. "शेरा तुम्हीच लिहा. आलं म्हणून."

"सभेनंतर लिहिते," ती डोळे पुसत म्हणाली. "अजून नाही आलं ते."

पाच वाजता हॉल भरला. पहिल्या रांगेत तिचे वडील होते. 'वेंधळी' म्हणून बहिणीला सगळ्यात जास्त चिडवलं होतं ते त्यांनीच. तिचं नाव पुकारलं गेलं. कागद पिशवीतच राहिला. तिनं ते निळं पुस्तक सगळ्यांना दिसेल असं टेबलावर उभं केलं.

"माझी आत्या वेंधळी नव्हती," ती म्हणाली. "मी तिच्याशी खोटं बोलले होते."