उशिरा पोचलेली जोड

मित्रांनो, कमळाबाईंच्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याशेजारच्या फळीवर, पाठ फुगलेली आणि सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळलेली जी वस्तू दिसते, ती मी आहे. आज मला कोणी वस्तूच म्हणेल. पण एके काळी मी चांगला बोलता-ऐकता मोबाइल होतो, आणि जंगलाला लागून असलेले हे अख्खे गाव सकाळी घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी माझ्याकडून आलेले निरोप पाहत असे.

माझे भाग कुठकुठल्या कारखान्यांत घडले, ते मला ठाऊक नाही. माझी खरी ओळख नागभीडच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटापासून सुरू होते. तिथून मला दादाजींनी घेतले. दादाजी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा वर्ग शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले, माझी जाडी खिशातल्या पोलादी पट्टीने मोजली आणि मगच दुकानदाराला म्हणाले, "हा चालन." त्यांचे सगळे असेच होते. मोजल्याशिवाय ते कशालाही बरे किंवा वाईट म्हणत नसत.

त्या दिवसांत गावाच्या भोवती वाघांचा वावर वाढला होता. मोहफुले वेचणाऱ्या बायका, गुरे राखणारी माणसे, धानाच्या बांधीवर जागलीला जाणारे शेतकरी, या सर्वांना एकमेकांची खबर मिळावी म्हणून दादाजींनी माझ्यावर एक ग्रुप उघडला. त्याचे नाव 'सावध'. या ग्रुपवर सरकारी माणूस नव्हता, कोणी साहेब नव्हता. नियम गावानेच केले आणि गावानेच सांभाळले.

सुरुवातीला मोठा गोंधळ झाला. कोणीतरी दुसऱ्याच राज्यातल्या वाघाचा व्हिडिओ टाकला आणि तो आपल्या तलावावरचा आहे असे सांगितले. माणसे कापणी टाकून घरात बसली. खोटे उघडे पडल्यावर इतकी चेष्टा झाली, की त्यानंतर आलेल्या खऱ्या खबरीकडेही कोणी पाहिले नाही आणि एका घरची गाय गेली. तेव्हा दादाजींनी आपल्या वर्कशॉपमधली रीत इथे आणली. तिथे एका मुलाने घासलेला लोखंडी तुकडा दुसऱ्याने मापाला लावून पाहिल्याशिवाय पुढे जात नसे. म्हणून ग्रुपवर ठरले, की एकाने खबर लिहायची आणि दुसऱ्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहून खाली 'जोड' असा शब्द लिहायचा. जोड मिळाली की खबर पक्की.

मित्रांनो, ही रीत फार चांगली होती. तिच्यामुळे खोटे थांबले. नवी माणसेही तिच्यामुळेच आपली झाली. मीराबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांनी पहिली खबर बोलून पाठवली, तेव्हा मागे त्यांचा कोंबडा इतका ओरडत होता, की गुराखी गुलाबभाऊंनी उत्तर दिले, "मीराबाई, वाघाचं राहू द्या, आधी कोंबड्याले गप करा!" सगळे हसले. पण गुलाबभाऊ लगेच त्या जागी गेले, त्यांनी ठसा पाहिला आणि जोड दिली. त्या दिवसापासून मीराबाई ग्रुपच्या झाल्या.

मात्र काळ गेला तशी या रीतीला एक वाकडी सवय जडली. जुन्या माणसांची खबर जोडीवाचून मानली जाऊ लागली. "गुलाबनं सांगतलं ना, मंग झालं," असे लोक म्हणत. नव्या माणसाला मात्र जोड हवीच. सर्वांसाठी बांधलेला उंबरठा असा फक्त नव्यांच्या पायाला लागू लागला. हे घडताना कोणाच्या लक्षात आले नाही, कारण रीत चालवणारे सारे जुनेच होते आणि त्यांच्या पायाला तो उंबरठा लागत नव्हता.

अशा वेळी साधना गावात आली. मीराबाईंचा मुलगा प्रफुल याच्याशी तिचे लग्न झाले होते. ती गडचांदूरची. तिथे सिमेंटचे कारखाने आणि चुनखडीच्या खाणी. जंगलाशी तिचा संबंध आला नव्हता. ग्रुपवर आल्यावर थोड्याच दिवसांत तिने घाईघाईने लिहिले, की बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, पाळीवर वाघाचा पंजा उमटला आहे. गुलाबभाऊ जाऊन पाहून आले.

"बाई, थो कुत्रा होय," त्यांनी लिहिले. "नखं उमटले आहेत. वाघ नखं आत ठेवून चालते. सिमेंटच्या गावात कुत्राच वाघ दिसत असन."

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. गुलाबभाऊंच्या मनात वाईट नव्हते. पण साधनाने त्यानंतर ग्रुपवर एक अक्षर लिहिले नाही. ती गप्प राहून शिकत होती. सासूबरोबर जंगलात जायची, ठसे पाहायची, वानरांचे ओरडणे ऐकायची. अधूनमधून दादाजींकडे येऊन, सासऱ्याच्या नात्याने हाक मारत, विचारायची, "मामाजी, नर कोणता न मादी कोणती, हे कसं समजते जी?" दादाजी जमिनीवर बोटाने पंजा काढून दाखवत. "डोळ्यानं अंदाज नोको करू. काहीतरी बाजूले ठेव न मोज," असे ते सांगत. मी त्यांच्या खिशातून हे ऐकत असे, आणि मला वाटे, की आता हिची पुढची खबर कोणी हसून उडवणार नाही.

मोहाचे दिवस आले. झाडाखाली फुलांचा सडा पडू लागला की बायका उजाडताच टोपल्या घेऊन निघतात. अशाच एका सकाळी साधना सर्वांच्या आधी गेली होती. नाल्याच्या ओल्या रेतीत तिला पंजा दिसला. तिने हातातली एक बांगडी काढून ठशाशेजारी ठेवली, फोटो घेतला, आणि टॉवर मिळेल अशा ठिकाणी, म्हणजे घरापर्यंत, धावत येऊन तो ग्रुपवर टाकला. सोबत लिहिले, 'मोहाच्या वाटेवर नाल्यात वाघ. ठसा ताजा आहे. बायांनी येऊ नये.'

माझ्या पडद्यावर एकेक उत्तर येऊ लागले.

"आता कोणाचा कुत्रा सुटला?"

"बांगडी लहान असन, म्हून पंजा मोठा दिसते."

"जोड कोण देते?"

जोड कोणीच दिली नाही. ज्याला त्याला वाटले, दुसरा कोणी जाईल.

तेव्हा साधनाने दादाजींना फोन केला. "मामाजी, कोणी मानून नाई राह्यलं. बाया निघाल्या. माही सासू बी टोपली घेऊन उभी आहे."

"त्याइले थांबव," दादाजी म्हणाले. "मी पाहून येतो न जोड देतो."

"एकटे नोका जाऊ जी. तुमी घरूनच लिहून द्या ना. तुमचं सारे ऐकतेत."

दादाजी पायात चपला सरकवत होते. मी त्यांच्या कानाशी होतो, त्यांचा श्वास मला जाणवत होता. "न पाहता जोड देली, तं मंग त्या व्हिडिओवाल्यात न माह्यात काय फरक राह्यला, बाई?"

दादाजींच्या पत्नी कमळाबाईंनी चहा गाळला होता. "तुमची जोड कुठी पळून नाई चालली," त्या म्हणाल्या. "चहा पिऊन जा."

"येतोच. झाकून ठेव."

मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतो. वाट मला पाठ होती. नाल्यावर पोचल्यावर त्यांनी मला बाहेर काढले. साधनाची बांगडी घाईत तिथेच राहिली होती. दादाजींनी तिच्या शेजारी आपली पोलादी पट्टी ठेवली, वाकून पाहिले, आणि माझ्याजवळ तोंड आणून हळू बोलले. त्यांचे ते शब्द आजही माझ्यात आहेत.

"जयभीम. साधना खरं सांगते. पंजा ताजा आहे, त्यात अजून पानी भरून राह्यलं. इकडे कोणी येऊ नोका. माही जोड आहे."

त्यांनी निरोप पाठवला. पण नाल्यात टॉवर नव्हता. निरोपाच्या कोपऱ्यात घड्याळाची एक बारीक खूण उमटली. ती खूण म्हणजे निरोप पाठवला आहे, पण अजून सुटलेला नाही. दादाजींनी मला वर धरले. खूण गेली नाही. ते काठ चढून झुडपांच्या बाजूला गेले, हात आणखी उंच केला आणि माझ्याकडे पाहत राहिले. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट निरखून पाहणारा तो माणूस त्या घडीला झुडपांकडे पाहत नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता.

पुढचे मी सांगणार नाही. मी पालथा पाचोळ्यात पडलो होतो आणि मला फक्त ऐकू येत होते.

गावाकडे त्या वेळी काय झाले, ते मला नंतर बायकांच्या बोलण्यातून कळले. साधनाने बायकांना विनवले. त्या म्हणाल्या, "जोड नाई आली ना अजून. फुलं गुरं खाऊन टाकतीन." तेव्हा ती वाटेच्या मधोमध टोपली पालथी घालून तिच्यावर बसली. "जायचं असन तं माह्या अंगावरून जा," म्हणाली. एकीने तिला सिमेंटचा खांब म्हटले. पण मीराबाई सुनेशेजारी जाऊन बसल्या, आणि मग बाकीच्याही कुरकुरत थांबल्या. सगळ्या जणी जोडीची वाट पाहत होत्या.

बराच वेळ झाला तरी दादाजी परतले नाहीत, तेव्हा माणसे डबे वाजवत निघाली. वाघ दूर गेला होता. दादाजींचा देह उचलून नेणाऱ्यांच्या मागे गुलाबभाऊ होते. त्यांनीच मला पाचोळ्यातून काढले, आपल्या दुपट्ट्याने पुसले आणि खिशात ठेवले. गावाच्या चढावर आलो, तिथे बायका अजून बसलेल्या होत्या. तिथेच टॉवर मिळाला. घड्याळाची खूण गेली आणि निरोप सुटला.

एकाच वेळी कितीतरी मोबाइल वाजले. कोणीतरी काय आले म्हणून बोट लावले, आणि समोरून दादाजींना आणले जात असताना दादाजींचाच आवाज त्या वाटेवर ऐकू आला. "साधना खरं सांगते."

जोड पोचली होती.

त्यानंतर ग्रुपवर कोणी काही लिहीना. एके दिवशी माझ्या पडद्यावर एक ओळ उमटली, की साधनाने ग्रुप सोडला. गावात कुजबुज होती, की हिने फोन केला नसता तर दादाजी गेलेच नसते. ती कुजबुज भेटायला आलेल्या एका बाईच्या तोंडून कमळाबाईंच्या कानावर पडली. कमळाबाई तेव्हा भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

"तिनं सांगतलं नसतं, तं तू आज इथी बोलाले नसती, बाई," त्या म्हणाल्या. "न तुमच्यातल्या एकानं जरी म्हटलं असतं, का चला, आज फुलं राहू द्या, तं माहा माणूस घरी चहा पीत बसला असता. त्यानं झाकून ठेवाले सांगतला होता."

गुलाबभाऊ दारातच होते. ते तसेच उठून साधनाच्या घरी गेले. तिथले बोलणे मी ऐकले नाही, पण परत येऊन त्यांनी ते कमळाबाईंना सांगितले. त्यांनी तिला म्हटले होते, की चल परत, आता तुझ्या खबरीला जोड लागणार नाही. त्यावर ती म्हणाली होती, "भाऊ, मले जुनं नोका करू. उद्या माह्यासारखा दुसरा कोणी येईन, त्याचं काय? नवा माणूस बोलला, तं आधी पाय थांबले पायजेत. पाहाचं मंग. न पाहाले एकट्यानं जायाचं नाई."

कमळाबाईंनी मला गुलाबभाऊंच्या हाती दिले. त्यांनी जाड बोटांनी चुकत-माकत साधनाला ग्रुपवर परत घेतले आणि तिचाच शब्द नियम म्हणून लिहिला. मग ग्रुपची देखरेखही तिच्याकडे सोपवली. तिने उत्तरादाखल एकच शब्द लिहिला, 'जोड'. मित्रांनो, एवढ्याशा घरात शिरायला त्या मुलीला केवढा उंबरठा ओलांडावा लागला!

पुढच्या वर्षी मोहाच्या दिवसांत अश्विन नावाचा नवा शिक्षक गावात आला. त्याने एका सकाळी खबर टाकली. सगळ्या टोपल्या घरी थांबल्या. ऊन वर आल्यावर चौघेजण मिळून गेले. पडद्यावर 'गुलाब लिहीत आहे' अशी खूण दिसली. ती बराच वेळ राहिली, नाहीशी झाली, पुन्हा आली. मला भीती वाटली, की आता तो जुना विनोद येतो की काय. शेवटी उत्तर आले.

"कुत्रा होता, गुरुजी. बरं झालं सांगतलं. उद्या माह्यासंगं या, नखं दाखवतो."

कोणी हसले नाही. त्या दिवसाची बरीच फुले गुरांनी खाल्ली होती, पण त्याचीही तक्रार झाली नाही. मला त्या वेळी दादाजींच्या खिशात असावेसे फार वाटले.

आता माझी बॅटरी फुगली आहे. नागभीडच्या दुकानदाराने सांगितले, की हा भाग आता येत नाही आणि मला चार्जिंगला लावणे धोक्याचे आहे. ग्रुप साधनाच्या मोबाइलवर सुखरूप आहे. पूर्वी कमळाबाई संध्याकाळी मला जवळ घेऊन तो निरोप ऐकत. आता त्या मला पुसतात आणि पुन्हा फळीवर ठेवतात. तो आवाज माझ्या आत आहे, पण मला तो ऐकवता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी, वर्गात, हातातल्या मोबाइलवर कोणी नवा येईल. तो चुकेल, घाबरेल, कुत्र्याला वाघ म्हणेल. खरे-खोटे जरूर तपासा. दादाजींनी तेच शिकवले. पण तपासणी होईपर्यंत त्याच्या शब्दाखातर एकदा थांबा. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात ती घड्याळाची बारीक खूण मी फार वेळ पाहिली आहे. तुमच्या 'हो'ची वाट पाहत कोणालाही तिच्याखाली उभे करून ठेवू नका.