जिन्याने जाणारे साहेब

चष्म्याच्या दुकानदाराचा स्वभाव संशयी होता. घाऊक व्यापाऱ्याने न मागता सूट दिली, की ते त्या खोक्यातली एकेक काच उजेडात धरून बघत. गल्लीत त्यांना सगळे चष्मेदादा म्हणत. चार वर्षांपूर्वी त्यांनी एका रंगाच्या कंपनीचे शेअर घेतले होते, आणि ही गोष्ट बायकोशिवाय कुणालाही कळू दिली नव्हती. दोन गिऱ्हाइकांच्या मधे ते मोबाइलवर भाव बघत. दारात कुणाची चाहूल लागली, की मोबाइल काउंटरवरच्या फडक्याखाली सरकवत.

त्यांचा साडू लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. बोलणं मोजकंच. त्याच रंगाच्या कंपनीच्या सातमजली कचेरीतल्या लिफ्ट त्याच्याकडे होत्या. एका रविवारी दोन्ही घरं दादांकडे जेवायला जमली होती. तेव्हा तो सहज बोलून गेला, की लिफ्ट व्यवस्थित चालत असूनही कंपनीचे मोठे साहेब हल्ली जिन्यानेच जातात. बरोबर तीन-चार अधिकारी असतात, आणि बोलतात तेही अगदी हळू.

दादांचा घास हातातच राहिला. चांगली चालती लिफ्ट सोडून कोण सात मजले चढेल? लिफ्टमध्ये कॅमेरा असतो, जिन्यात नसतो. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यांनी साडूला खोदून खोदून विचारलं. काय बोलतात, कागद बरोबर असतात का, चेहरे कसे असतात. साडू म्हणाला, आपण लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेले असतो, चेहरे कुठून दिसणार. हे उत्तर दादांना फारच तयार वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानातून त्याला दोनदा फोन केला. पुढे रोजच करू लागले. प्रत्येक वेळी लिफ्टची चौकशी करून हळूच साहेबांवर येत. आठवडाभराने त्यांनी बायकोला तिच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे साडूच्याच घरी, पाठवलं. ती परत येऊन म्हणाली की साडू हल्ली बाल्कनीत जाऊन, दार लावून फोनवर बोलतो.

आता दादांची खात्री पटली. याला सगळं ठाऊक आहे आणि हा ताकास तूर लागू देत नाही.

पोटात ठेवणं अशक्य झालं, तेव्हा त्यांनी शेजारच्या औषधांच्या दुकानदाराला सांगितलं, कुणाला बोलू नका अशी ताकीद देऊन. पाच दिवसांनी तोच दुकानदार घाईघाईने आला. त्याच्याकडे एका गिऱ्हाइकाकडून पक्की बातमी आली होती. रंगाच्या कंपनीत वरच्या लोकांत फूट पडलीय, कचेरीबाहेर गुप्त बैठका चालल्यात. आपण म्हणत होतो तेच बाहेरून कानावर आलं होतं. ती बातमी आपल्याच काउंटरवरून निघाली असेल, हे काही त्यांच्या मनात आलं नाही.

त्या वेळी खुर्चीत एक बाई तपासणीचा जड चष्मा घालून बसल्या होत्या. शेवटची ओळ अंधुक दिसते, असं त्या दोनदा म्हणाल्या. दादांनी दोन्ही वेळा "छान, छान" म्हटलं आणि काउंटरमागे उभं राहून सगळे शेअर विकून टाकले.

पुढच्या आठवड्यात कंपनीला एका मोठ्या बंदराचं काम मिळालं. भाव चढू लागला आणि चढतच राहिला. दादांचं जेवण कमी झालं. चौथ्या दिवशी दुकान बायकोवर सोपवून ते तडक साडूच्या घरी गेले.

"तुम्हाला माहीत होतं," ते चपला काढता काढताच म्हणाले. "सांगितलं असतं तर तुमचं काय जात होतं?"

साडूने त्यांना आधी बसायला लावलं, पाणी दिलं. मग म्हणाला, "दादा, मीही विकले."

"तुमच्याकडे होते?"

"तुम्ही घेतलेत तेव्हाच घेतले. हिच्या ताई हिच्याजवळ बोलल्या होत्या. तुम्ही लपवत होता, म्हणून मीही गप्प राहिलो."

विकले का, तर त्याचं उत्तर सरळ होतं. एरवी महिनोन् महिने फोन न करणारे दादा दिवसातून दोनदा कंपनीची चौकशी करू लागले, तेव्हा दादांना आतली काहीतरी खबर आहे असं त्याने धरलं. बाल्कनीत उभा राहून तो त्याचाच शोध घेत होता. साहेबांचं कोडं नंतर कचेरीतल्या पहारेकऱ्याने सोडवलं. डॉक्टरांनी साहेबांना वजन उतरवायला सांगितलं होतं. साहेब चढतात म्हणून बाकीचेही चढतात. आणि हळू बोलतात, कारण दम लागलेला असतो.

दादांनी साडूचा मोबाइल मागून घेतला आणि त्याने खरंच विकलेत का, ते स्वतः पाहिलं. साडूनेही त्यांचा पाहिला.

शेवटी असं ठरलं, की झालं गेलं विसरायचं आणि दोघांनी पुन्हा शेअर घ्यायचे, पण एकाच क्षणी. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दुकानात काउंटरवर दोन मोबाइल ठेवून बसले. दादांनी तीनपर्यंत मोजलं.

"झालं?" साडूने विचारलं.

"झालं. तुमचं?"

"माझंही."

दोघांनी एकदमच एकमेकांच्या मोबाइलवर वाकून पाहिलं. बटण कुणीच दाबलेलं नव्हतं. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला दादांची बायको आतून फ्रेमचा ट्रे घेऊन आली. तिने ट्रे खाली ठेवला आणि दोन बोटांनी दोन्ही बटणं दाबली.

"गिऱ्हाईक खोळंबलंय," ती म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळपर्यंत भाव आणखी वर गेला. दादांचा चेहरा मात्र उजळला नाही. शटर ओढताना त्यांनी साडूला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "हिने एवढ्या खात्रीने दाबलं कसं? हिला कुणी सांगितलं असेल?"

साडूने आतल्या दाराकडे पाहिलं. तोही कधीपासून हाच विचार करत होता.